बाहेर पडण्याची ओळ

टिटवीने लिहिलेल्या स्क्रिप्टा टिटवीशिवाय कुणालाच चालवता येत नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर याचा तिला आतून आनंद होता. वरून ती कुरकुरायची, मला मेलीला एक दिवस सुट्टी नाही म्हणायची. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे ऐकण्याइतकं गोड माणसाला दुसरं काही लागत नाही. लागत नाही म्हणणारे खोटं बोलतात.

खोली आत्याची होती. कागदोपत्री संस्थेची, पण संस्थेतल्या निम्म्या लोकांना ती कुठल्या मजल्यावर आहे तेही ठाऊक नव्हतं. तिथे पुस्तकं बोलकी व्हायची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्याने वाचायचं, ते रेकॉर्ड करायचं, त्यातले खोकले, खुर्चीची करकर, पानांची फडफड काढायची, प्रकरणं पाडायची आणि ऐकणाऱ्यांना पाठवून द्यायची. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिथे वाचायला येणाऱ्या शिंपीकाकांनी जुन्या गाद्या उसवून, पुन्हा शिवून भिंतींना ठोकल्या होत्या. दाराला छातीच्या उंचीवर हाताएवढी काच होती. दार लावलं की आतलं बाहेर ऐकू येत नसे, काचेतून दिसे तेवढंच.

आत्या जन्मापासून आंधळी. तिला दृष्टिहीन म्हटलेलं खपायचं नाही. "दृष्टिहीन म्हणताना लोक आवाज खाली करतात, शेजारी कुणी गेल्यासारखा. आंधळी म्हण. सुटसुटीत आहे." उमेदीची वर्षं तिने एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. बोर्ड गेला, नोकरी गेली, पण कान तेवढे तिखट राहिले आणि जीभ त्याहून.

टिटवी तिच्या भावाची मुलगी. लहानपणी रडायला लागली की आळी जागी व्हायची म्हणून आत्यानेच ठेवलेलं हे नाव पुढे घरादाराच्या तोंडात बसलं. टिटवी कुठल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली नव्हती. चुकत, आपटत, इंटरनेटवरच्या अनोळखी शहाण्यांची बोलणी खात शिकली होती. खोलीतलं यंत्र तिनेच मांडलेलं. समोर काळा पडदा, त्यावर आज्ञा टाईप करायची आणि एंटर दाबायचा. बस. माउस आत्याच्या उपयोगाचा नव्हताच. "नेम धरायला दिसावं लागतं गं," ती म्हणायची, "ह्या दगडाचं मी काय करू?" टायपिंग मात्र तिचं असं की बटणांनी चळचळ कापावं.

पडद्यावर उमटेल ते वाचून दाखवणारा एक यांत्रिक आवाज होता. त्याच्या सपाट सुरामुळे आत्या त्याला मास्तर म्हणायची. आणखी एक सोय टिटवीने करून ठेवली होती. कुठलीही आज्ञा संपताना मागे एक आकडा ठेवून जाते: शून्य म्हणजे ठीक, दुसरं काहीही म्हणजे फसलं. डोळस माणसं त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. टिटवीने त्याला आवाज दिला. ठीक असेल तर 'टुण', फसलं तर 'घर्र'.

आणि स्क्रिप्टा. स्क्रिप्ट म्हणजे काही जादू नव्हे. रोज टाईप करायच्या त्याच त्या आज्ञा एका फाईलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवायच्या आणि फाईलला नाव द्यायचं. मग नाव घेतलं की यंत्र वरून खाली एकेक ओळ पार पाडतं. सगळ्यात कामाची स्क्रिप्ट होती 'साफ'. तिला दोन फोल्डरांची नावं द्यायची. पहिल्यातला कच्चा आवाज उचलून ती निवडून, पाखडून दुसऱ्यात ठेवायची आणि शेवटी कच्चा पुसून टाकायची, कारण संस्थेने दिलेल्या डिस्कमध्ये जागा अशी की दोन पुस्तकं शेजारी बसली तर एकमेकांच्या मांडीवर बसावीत.

"टिटवे, साफला आधी काय सांगायचं? कच्चं की तयार?"

"कच्चं गं आत्या."

"आणि प्रकरणं पाडणारीला?"

"तिला तयार."

"हिला हे आधी, तिला ते आधी. बायका आहेत की स्क्रिप्टा?"

असं रोज चालायचं. टिटवी उत्तर द्यायची आणि सुखावायची.

मग तिला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, आवाजाच्याच कामाची, चांगली, तिला हवी होती तशी. बातमी ऐकून आत्याने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धपाट्याचं की कशाचं हे दोघींनीही विचारलं नाही.

संस्थेचा व्यवस्थापक मात्र लगेच वर आला. माणूस वाईट नव्हता. फक्त आंधळ्या माणसाशी बोलताना त्याचा आवाज दुप्पट व्हायचा.

"ताई, गैरसमज करून घेऊ नका!" तो आत्याच्या कानाशी ओरडला.

"साहेब, डोळे नाहीत, कान आहेत. बोला."

"ही गेल्यावर खोली चालवणार कोण?"

"मी."

"ते ठीक आहे हो. पण उद्या तुम्हाला ताप आला, तुम्ही पडलात, तर? सगळं हिच्या डोक्यात. बाहेरची एक कंपनी आहे, ते लोक यंत्राकडूनच पुस्तकं वाचून घेतात. वाचणारी माणसं नकोत, खोली नको. तुम्ही सल्लागार म्हणून राहालच."

सल्लागार म्हणजे काय हे सांगायला नको. ज्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं असतं पण तोंडावर तसं म्हणायची हिंमत नसते, त्याला सल्लागार करतात. आत्याचा तिळपापड झाला, पण तिने आवाज चढवला नाही. ती चिडली की उलट हळू बोलायची.

"ही जायच्या आधी एक दिवस ठरवा. तुम्ही माझ्या शेजारी बसा, ही दाराबाहेर. एक अख्खं प्रकरण कच्च्यापासून तयार करून देते. जमलं तर खोली राहील. नाही जमलं तर तुमची ती कंपनी आणा आणि मला दारात बसवा सल्ला द्यायला."

व्यवस्थापकाने मान डोलावली. मग आत्याला मान दिसत नाही हे लक्षात येऊन ओरडला, "ठरलं!"

तो गेल्यावर टिटवी कामाला लागली. तिला ठाऊक होतं की भल्या लोकांनी लिहिलेल्या स्क्रिप्टा चुकीच्या चालवल्या तर नुसत्या फसत नाहीत, आपण कशा चालवायच्या ते सांगतात. त्यासाठी स्क्रिप्टच्या वरच्या अंगाला एक फंक्शन लिहितात. चार ओळींची मोट बांधून तिला एक नाव द्यायचं, मग जिथे लागेल तिथे ते नाव घ्यायचं. टिटवीने नाव ठेवलं 'वापर'. फोल्डरांची नावं दोन नसतील तर वापर. पहिलं फोल्डर सापडत नसेल तर वापर. एकदा लिहायचं, हवं तेव्हा हाक मारायची. हे तिला आजवर सुचलं नव्हतं असं नाही. गरजच पडली नव्हती. वापर सांगायला ती स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची.

तिने मन लावून लिहिलं. आधी गणितातल्या बरोबरच्या चिन्हांची लांबच लांब ओळ काढून एक झकास चौकट केली. मग स्क्रिप्ट काय करते, का करते, कच्चं फोल्डर म्हणजे काय, तयार म्हणजे काय, नाव टाईप करताना काय जपायचं, घाई का करायची नाही. मध्येच 'पुन्हा एकदा तपासून बघा'. त्याखाली 'नक्की तपासलंत ना?' शेवटी 'काहीही अडलं तर कधीही फोन करा' आणि स्वतःचा नंबर. मग खाली पुन्हा चौकट. एका रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन तिने नुसतं 'साफ' टाईप केलं. संदेश पडद्यावर सळसळत उतरला. तिने स्वतःचीच पाठ थोपटली.

"आत्या, आता काही आठवलं नाही तर मला विचारायचं नाही. नुसतं नाव टाईप कर आणि एंटर मार. ती स्वतःच सगळं सांगेल."

"बघू हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी खाली चहा आणायला गेली. शिंपीकाका नुकतेच वाचून उठले होते. दुकान सांभाळून ते आठवड्यातून काही दिवस कादंबऱ्या वाचायला यायचे. आवाज असा की ऐकणाऱ्याला पांघरूण घातल्यासारखं वाटावं. त्या दिवशी त्यांनी कादंबरीतलं सगळ्यात अवघड प्रकरण वाचलं होतं. त्यात नायिका मरते. काका वाचता वाचता स्वतःच गदगदले होते, आणि आत्याने त्यांना अडवलं नव्हतं.

टिटवी ट्रे घेऊन परत आली तेव्हा मास्तर वाचत होता.

"बरोबर बरोबर बरोबर बरोबर बरोबर..."

"हा वेडा झालाय का?" आत्याने विचारलं. "मी नुसतं साफ टाईप केलं, तू सांगितलंस तसं. कधीचा माझी री ओढतोय. चुकलं हे सांगायच्या आधी इतक्या वेळा बरोबर?"

टिटवीला हसू फुटलं. चौकट! चिन्हांची चौकट मास्तर एकेक करून वाचत होता. डोळ्यांना ती दागिना होती, कानांना शिक्षा. "थांब गं आत्या, संपेल आता." चौकट संपली. मास्तर संथपणे कच्च्या फोल्डराची व्याख्या सांगू लागला. घाई करू नका, म्हणाला. पुन्हा एकदा तपासून बघा, म्हणाला. नक्की तपासलंत ना, म्हणाला. काका मोजमाप घ्यायच्या टेपशी चाळा करत कौतुकाने ऐकत होते.

मास्तर पुढे वाचतच राहिला. फोन नंबर, खालची चौकट, आणि त्यानंतर टिटवीने कधीच न लिहिलेल्या ओळी. लिहिता येत नाही. परवानगी नाही. लिहिता येत नाही. परवानगी नाही.

मग यंत्र म्हणालं, 'टुण'.

टिटवीच्या हातातला ट्रे कुणी घेतला ते तिला कळलं नाही. ती पडद्यावर झेपावली. आजच्या कच्च्या आवाजाचं फोल्डर. रिकामं.

काय झालं ते तिला क्षणात दिसलं. वापर सांगून झाल्यावर स्क्रिप्टने थांबायला हवं होतं. पण थांब असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फंक्शनच्या शेवटी 'बाहेर पड' ही एक ओळ असते, ती टिटवी लिहायची विसरली होती. 'तुम्ही चुकलात' हे वाक्य माणसासाठी असतं. यंत्राला ती नुसती अक्षरं. त्याने ती छापली आणि इमानदारीत खालच्या ओळीवर गेलं. पहिल्या फोल्डरचं नाव नाही? मग आत्या ज्या फोल्डरमध्ये बसलीय तेच. दुसऱ्याचं नाव नाही? मग भलत्याच जागी ठेवायला बघितलं, जमलं नाही, सोडून दिलं. शेवटची ओळ, कच्चं पुसून टाक. ती मात्र छान जमली, म्हणून 'टुण'. काळजीच्या त्या लांबलचक पाठामागे मास्तर 'घाई करू नका' म्हणत असताना यंत्राने घाईघाईने सगळं धुऊन काढलं होतं. आदल्या दिवशीची परीक्षा टिटवीने रिकाम्या फोल्डरमध्ये घेतली होती. तिथे पुसायला होतंच काय?

रेकॉर्डरचं कार्ड आवाज यंत्रात उतरवल्याबरोबर पुढच्या वाचनासाठी पुसलेलं. नायिका गेली ती गेलीच.

"काका..." टिटवी त्यांच्याकडे वळली. आत्याने तिच्या आवाजावरूनच ओळखलं. "पुसलं गेलं?"

"हो."

"मी पुसलं?"

"नाही. मी. तू मी सांगितलं तेच केलंस."

शिंपीकाकांनी तिच्या हातून घेतलेला ट्रे खाली ठेवला. मग टेप गळ्यात टाकत म्हणाले, "बरंच झालं. नायिका मरताना माझा आवाज जरा जास्तच घोगरा झाला होता. मेली ती, मी नाही. पुन्हा नीट मारतो तिला."

आत्या खो खो हसली. टिटवी हसली नाही. काका गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी नाही जात. कळवून टाकते त्यांना."

"कुणाला?"

"नोकरीवाल्यांना. हे असं सोडून कशी जाऊ? आज एक प्रकरण गेलं, उद्या अख्खं पुस्तक जाईल."

आत्याचा आवाज एकदम खाली आला. धोक्याची खूण.

"प्रकरण कशाने गेलं? मला दिसत नाही म्हणून?"

"नाही गं."

"तुझ्या चुकीने गेलं. मग तू थांबून काय होणार? चूक करणारी इथेच राहील, एवढंच. टिटवे, तुझी भीती माझ्या आंधळेपणावर खपवू नकोस. मी ते कुणालाही करू दिलेलं नाही. माझ्या बापालाही नाही."

टिटवीच्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. आत्याने हात पुढे करून तिचं डोकं चाचपलं आणि केसांतून दोन बोटं फिरवली.

"रडून झालं की मला ते काय लिहिलंस ते दाखव. म्हणजे वाच. तू वाच, मास्तर नको."

टिटवीने वाचलं. आत्या ऐकत होती, कपाळाला आठ्या.

"हे वापर आहे की निरोप समारंभ? अगं, बोर्डावर चुकून आलेला फोन घेतला की मी काय सांगायचे? ही अमकी कचेरी, तुम्हाला हवा तो विभाग ह्या नंबरवर, ठेवते. त्याची मी ख्यालीखुशाली विचारत बसले असते तर मागचे सगळे फोन पडले असते. आणि एक सांगते, मी मास्तरचं पहिलं वाक्य ऐकते आणि बटण दाबून त्याचं तोंड बंद करते. नेहमी. आज हसू येत होतं म्हणून ऐकलं. महत्त्वाचं काय ते पहिल्या वाक्यात नसेल तर ते माझ्यासाठी लिहिलेलंच नाही."

"मग शेवटपर्यंत ऐकत का नाहीस?"

"कारण मी माणूस आहे. माणसासाठी लिही."

दोघी बसल्या. आधी टिटवीने चुकलेली ती ओळ फंक्शनच्या शेवटी घातली: बाहेर पड, आणि आकडा एक ठेव. एक म्हणजे काम झालं नाही. यंत्र आता खोटं 'टुण' करणार नव्हतं. मग छाटणी सुरू झाली. चौकट गेली. व्याख्या गेल्या. घाई करू नका गेलं. प्रत्येक ओळ काढताना टिटवी हटकून म्हणायची, "राहू दे ना." आत्या म्हणायची, "काढ." फोन नंबरापाशी दोघी अडल्या.

"हा तरी असू दे."

"स्क्रिप्ट चालवणाऱ्याने तुला फोन करायचा? मग स्क्रिप्ट कशाला हवी? तुलाच फोल्डरमध्ये घालून ठेवू."

टिटवीने नंबर पुसला. इतका वेळ तिला वाटत होतं की ती आत्याची काळजी लिहीत होती. पुसल्यावर कळलं, तिने लिहिलं होतं ते एकच: मला विसरू नका. असल्या गोष्टी स्क्रिप्टमध्ये लिहीत नाहीत. तिथे लिहिल्या की त्या कुणाच्या तरी पायात येतात.

उरलं ते असं:

वापर: साफ, मग कच्चं फोल्डर, मग तयार फोल्डर.
सावधान: कच्चं शेवटी पुसलं जातं.
उदाहरण: साफ आजचं प्रकरण-सात.

कच्चं पुसणारी ओळही टिटवीने बदलली. तयार फाईल जागेवर नीट पोचली असेल तरच पुसायचं, एरवी हात लावायचा नाही. हे तिने आधीच करायला हवं होतं, आणि तसं तिने स्वतःला दोनचार कडक शब्दांत सांगितलंही.

"वाच आता," आत्या मास्तरला म्हणाली आणि स्वतःच 'साफ मदत' टाईप करून एंटर दाबला. तीन ओळी झटक्यात झाल्या. मागून 'घर्र'.

"हे का? मी कुठे चुकले? मी मदत मागितली, मिळाली. मग हा गुरगुरतो कशाला?"

टिटवी थबकली. तिच्या फंक्शनला एकच दार होतं. कुणीही आलं तरी आकडा एक ठेवून बाहेर. चुकून आलेला आणि विचारायला आलेला, दोघांना तोच दम. "तुझं खरं आहे," ती म्हणाली. "मदत मागणं ही चूक नाही." तिने फंक्शनला सोबत आकडा द्यायची सोय केली. चुकला असेल तर एक, आपणहून विचारलं असेल तर शून्य. आत्याने पुन्हा मदत मागितली. तीन ओळी, आणि 'टुण'.

"आता कसं माणसात आलं," आत्या म्हणाली.

ठरल्या सकाळी व्यवस्थापक आला. शिंपीकाकांनी नायिकेला आदल्या दिवशी पुन्हा, अगदी संयमाने, मारून ठेवलं होतं. टिटवीला दाराबाहेर बाकावर बसवण्यात आलं. शेजारी काका, कारण त्यांना पुढचं प्रकरण वाचायचं होतं. दार लागलं. आतलं काही ऐकू येईना. जिथे सगळं कामच आवाजाचं, तिथे टिटवीला आता नुसतं बघायचं होतं, तेही हाताएवढ्या काचेतून.

आत्याची पाठ दिसत होती. बोटं चालली. व्यवस्थापक उभ्यानेच तिच्या खांद्यावरून वाकला. मग तो दचकून मागे सरला. घर्र वाजलं असणार. टिटवी तटकन उठली.

"बस," काका म्हणाले.

"काहीतरी चुकलंय काका. फोल्डरांची अदलाबदल केली असेल तिने, नेहमी करते."

"करू दे ना मग. तुझं ते यंत्रातलं बुजगावणं बोलेल की तिच्याशी."

"ते बुजगावणं नाही, फंक्शन आहे."

"तेच ते. बस." त्यांनी तिच्या कुर्त्याची बाही धरून ठेवली. शिंप्याची पकड, कापड फाटेल पण सुटणार नाही. टिटवी बसली आणि बसूनच मान उंच करून काचेतून बघत राहिली. आत्याची बोटं थांबली, मान किंचित कलली, ती ऐकत होती. बोटं पुन्हा चालली. मग बराच वेळ काहीच घडलं नाही. साफ चालत असेल तर एवढा वेळ लागतोच, टिटवीने स्वतःला सांगितलं. चालत नसेल तरी लागतो, हेही तिला माहीत होतं.

व्यवस्थापक कानाला हेडफोन लावून ऐकताना दिसला. त्याचा चेहरा पडला. मग त्याने रुमाल काढून डोळे पुसले, आणि काका समाधानाने म्हणाले, "मेली वाटतं."

टिटवीचा जीव भांड्यात पडला. आता दार उघडणार म्हणून ती उठली. दार उघडलं नाही. काचेत भलतंच दिसत होतं. आत्या खुर्चीवरून उठली होती, आणि व्यवस्थापक तिच्या जागी बसत होता. त्याने दोन बोटांनी काहीतरी टाईप केलं. पुन्हा दचकला. आत्याकडे वळून काही विचारलं. आत्या हाताची घडी घालून उभी, ओठ घट्ट मिटलेले. त्याने पुन्हा विचारलं. आत्याने पडद्याच्या दिशेने नुसती हनुवटी केली. तो पडद्यावर वाकला, ओठ हलवत हलवत वाचू लागला. मग एकेक अक्षर शोधत टाईप केलं. थोड्या वेळाने तो खुर्चीतच उडाला आणि दोन्ही मुठी वर केल्या. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाची बाही सरसावलेली होती.

"तुमच्या आत्या फार खवट आहेत हो," तो टिटवीला म्हणाला, आणि पहिल्यांदाच ओरडला नाही. "त्यांचं प्रकरण झालं. मी म्हटलं, पण तुम्ही आजारी पडलात तर? म्हणाल्या, तर तुम्ही करा. बसवलं मला. मी नुसतं नाव टाईप केलं, यंत्र गुरकावलं. विचारलं तर सांगेनात! मी नाही सांगणार, तेच सांगेल, म्हणे. आणि सांगितलं की त्याने. साफ करायच्या राहिलेल्या वाचनातलं एक प्रकरण मी केलं साफ. मी!"

"म्हणजे खोली राहिली?" टिटवीने विचारलं.

"राहिली म्हणजे काय? उद्या दुपारी मी पुन्हा येणार आहे. त्या प्रकरणं पाडणाऱ्या स्क्रिप्टलाही असंच लिहून ठेवलंय ना?"

"आहे."

"मग झालं." तो पुन्हा आत गेला, कारण काकांचं वाचन आता सुरू होणार होतं आणि त्याला ते ऐकायचं होतं.

काका आत गेले. टिटवी दार ढकलून त्यांच्यामागे आली. तिला निदान बॅग घ्यायची होती. तिच्या खुर्चीवर व्यवस्थापक बसला होता, कानाला हेडफोन. काका मायक्रोफोनपुढे पानं लावत होते. आत्याची बोटं बटणांवर तयार होती. टिटवी उभी राहिली. साफला आधी काय द्यायचं, असं कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत राहिली. कुणाला काही विचारायचं नव्हतं. असं या खोलीत आजवर झालं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि त्यात राग किती नि माया किती हे तिला निवडता आलं नसतं.

काकांनी वाचायला तोंड उघडलं तसा आत्याने हात वर करून त्यांना थांबवलं. मान न वळवता ती म्हणाली,

"टिटवे, दारात उभी राहून रडू नकोस. श्वास मायक्रोफोनमध्ये येतोय. बॅग भर जा."

टिटवीने बॅग उचलली, आत्याच्या गालाला गाल घासला आणि बाहेर येऊन दार हलकेच ओढून घेतलं. काचेपलीकडे काकांचे ओठ हलू लागले होते.